स्विफ्टला २० मिमीचे स्पेसर टाकावेत का?

सात_रस्ता_स्विफ्ट

नमस्कार मंडळी. धागा थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

गाडी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल. १४ इंची लोखंडी रिम, १६५/८० चे टायर, वर प्लास्टिकचं व्हील कव्हर. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो तेव्हा पार्किंगमध्ये माझ्याच रंगाची स्विफ्ट दिसली. चाकं बरोबर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) रेषेला, गाडी पैलवान शड्डू ठोकून उभा राहावा तशी. तेव्हापासून माझी गाडी बघितली की चाकं पोटात ओढून बसल्यासारखी वाटते. टायर आणि फेंडरच्या कडेत दोन बोटं सहज जातात.

म्हणून ऑनलाइन चार स्पेसर मागवले, म्हणजे चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) यांच्या मध्ये बसणाऱ्या जाड चकत्या. २० मिमी, बोल्ट-ऑन, म्हणजे स्पेसर हबला नटांनी बसवायचा आणि चाक स्पेसरच्या स्वतःच्या स्टडला (आटे असलेल्या खुंटांना). पार्सल आलंय, अजून बसवलेले नाहीत. वडिलांनी हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, "चाक आणि गाडीच्या मध्ये ही चकती कशाला? उद्या चाक निघून पुढं पळालं म्हणजे?" टायरवाला म्हणतो बिनधास्त टाका, लई जणांना टाकून दिलेत.

महिन्यातून दोनदा पुण्याला जातो, शंभरच्या आसपास चालवतो. दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. एक, हे धोक्याचं आहे का. दोन, चाकं बाहेर आली की गाडी वळणावर जास्त धरून चालते म्हणतात, ते खरं का?

होटगी_रोड_आय२०

टाक की बे, विचारतोस काय! माझ्या एलिट आय२० ला दोन वर्षं झाली ८ मिमीचे साधे (स्वतःचे स्टड नसलेले) स्पेसर आहेत, चारही चाकांना. दुकानदारानं लांब स्टड टाकून दिलेत. पुणे, विजापूर, गाणगापूर, तुळजापूरचा घाट, सगळं फिरून झालं. एकदाही नट ढिला झाला नाही. आता बघ, इथं येतीलच एकेक जण, बेअरिंग जातं, स्टड तुटतात करत. ज्यांनी आयुष्यात लावले नाहीत तेच जास्त सांगतात.

उसाची_ट्रॉली

शेंगा घेऊन बसलोय. चालू द्या.

लेथवाले_काका

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं छोटं शेड आहे. लेथवर उभा राहून तीस वर्षं होतील. सुरुवातीला यंत्रमागाचे सुटे भाग करायचो, आता गाड्यांचं काम जास्त. स्पेसर मी करूनही दिलेत आणि स्पेसरपायी तुटलेले स्टड काढूनही दिलेत. त्यामुळे माझी बाजू कुठलीच नाही.

आधी एक गैरसमज काढू. लोकांना वाटतं गाडीचं वजन त्या चार स्टडवर असतं, खुंटीला पिशवी अडकवावी तसं. तसं नसतं. नट आवळला की स्टड ताणला जातो आणि तो ताण रिमला हबच्या तोंडावर दाबून धरतो. १२ मिमीचा स्टड, कोरडे आटे, ८५ न्यूटन-मीटरनं आवळलेला, असं धरा. एक नट साधारण साडेतीन टनांनी दाबतो. चार नटांचे झाले चौदा टन. एवढ्या दाबाखाली दोन सपाट तोंडं एकमेकांवर घसरत नाहीत, आणि ती घसरत नाहीत तोवर स्टडला आडवा मार बसतच नाही. चाक टिकतं ते या दाबावर.

दाब कमी झाला की काय होतं? चाक हबवर केसभर हलायला लागतं. दर फेऱ्याला स्टड एकदा इकडं वाकतो, एकदा तिकडं. तार तोडायची असली की आपण हातानं मागंपुढं वाकवतो ना, तेच. माझ्याकडं आलेल्या तुटक्या स्टडच्या तोंडावर रेघा दिसतात, ओढ्याचं पाणी ओसरताना वाळूवर उमटतात तशा. म्हणजे तो एका खड्ड्यात तुटलेला नसतो, कित्येक दिवस थोडा थोडा तुटत आलेला असतो. खड्ड्याचं फक्त नाव होतं.

स्पेसर टाकला की एका सांध्याचे दोन सांधे होतात. बोल्ट-ऑन असेल तर चार नटांचे आठ, आणि त्यातले चार चाकाच्या आड. ते ढिले झाले तर बाहेरून पाना लावून कळत नाही, चाक उतरवावंच लागतं. स्पेसर वाईट म्हणून नाही, पण दुप्पट जागी चूक करायची सोय होते म्हणून मी सावध असतो.

तर पोरा, भांडण नंतर. कुणाकडून तरी व्हर्निअर (बारीक मापं घ्यायची पट्टी) आण आणि तीन मापं घेऊन इथं लिही. स्पेसरच्या मधल्या भोकाचं माप. स्पेसरला चाकाच्या बाजूनं उंचवट्याची कडा आहे का, असली तर तिचं बाहेरचं माप. आणि चाक काढून हबच्या तोंडापासून स्टड किती बाहेर येतो ते. जमलं तर रिमची मागची बाजूही बघून सांग, भोकांच्या मध्ये खळगे आहेत की सपाट पत्रा आहे.

अक्कलकोट_रोडची_ताई

काकांनी "चाकाच्या आड" म्हटलं म्हणून लिहिते.

आम्ही एक जुनी सेडान घेतली होती, घेणाऱ्याला दिसावी तशी चकाचक. तीन महिन्यांनी पुण्याहून येताना वरवडे टोलनाका ओलांडला आणि मागच्या डाव्या चाकातून टक-टक सुरू झालं. हे म्हणाले टायरमध्ये खडा अडकला असेल. वेग कमी केला की आवाज कमी, म्हणून तसंच रेटत आलो. मोहोळच्या अलीकडं मी हट्टानं पंक्चरवाल्याकडं थांबायला लावलं. त्यानं पाना लावला, चारही नट घट्ट. म्हणाला, "काय नाही ताई, जावा." मी म्हटलं चाक काढूनच दाखव.

चाक काढलं तर आत अजून एक चकती! आम्हाला पत्ताच नव्हता, आधीच्या मालकानं टाकलेली. तिच्या चार नटांपैकी दोन हातानं फिरत होते आणि एक स्टड मुळातून वाकडा. पंक्चरवाला पोरगा वीसेक वर्षांचा असेल, त्यानं ते बघून आधी हात जोडले.

सोलापूरपर्यंतचं अंतर आम्ही दुसऱ्याच्या गाडीतून आलो. तेव्हापासून जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला सांगते, इंजिन-बिंजिन नंतर ऐका, आधी चारही चाकं उतरवून मागं बघा.

होटगी_रोड_आय२०

ताई, तुमचं वाईट झालं, पण तो स्पेसरचा दोष नाही, बसवणाऱ्याचा आहे. स्पेसर नसलेल्या गाड्यांचेही नट ढिले होतात.

अक्कलकोट_रोडची_ताई

नाही कोण म्हणतंय? पण स्पेसर नसता तर त्या पोराच्या पान्याला ते लागले असते.

बाळे_ते_स्टुटगार्ट

मूळचा बाळ्याचा, सध्या जर्मनीत. इकडं स्पेसर सर्रास दिसतात. आयबाख, एच अँड आर या स्प्रिंग बनवणाऱ्या कंपन्या स्पेसरही विकतात, आणि पोर्श तर ९११ ला ५ मिमीचे स्पेसर स्वतः ऑप्शनमध्ये देते, त्यासोबत लांब बोल्ट. त्यामुळे "स्पेसर म्हणजे मृत्यू" असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

पण इकडं दुकानातून आणून लावले आणि निघाले असं चालत नाही. कुठल्या गाडीला, कुठल्या रिमसोबत, किती जाडीचा चालेल याचा तपासणी अहवाल स्पेसरसोबत येतो. तो घेऊन गाड्या तपासणाऱ्या टीयूव्हीसारख्या संस्थेकडं जायचं. तिथला माणूस गाडी तिरकी चढवून, स्टीअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवून टायर कुठं घासतो का बघतो, टायर फेंडरच्या बाहेर येतो का बघतो, मग कागदावर नोंद. ती नसेल तर पुढच्या ठरलेल्या तपासणीत गाडी नापास.

म्हणजे जर्मनांची उदाहरणं द्यायची तर ती पूर्ण द्यावीत. ऑनलाइन "सर्व गाड्यांसाठी" असा स्पेसर त्यांनी हातातही धरला नसता.

सात_रस्ता_स्विफ्ट

काका, मापं घेतली. मित्राचा भाऊ डिप्लोमाला आहे, त्याचा व्हर्निअर आणला.

स्पेसरचं मधलं भोक ६०.१ मिमी. हबचं नाक (मधला गोल उंचवटा) ५४.१. चाकाच्या बाजूनं कडा वगैरे काही नाही, दोन्हीकडून सपाट. स्टड हबच्या तोंडापासून २८ मिमी बाहेर येतो. रिमच्या मागं खळगे नाहीत, भोकांच्या मध्ये सपाट पत्राच आहे. कडेला एके ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढी भोकंही दिसलालेत स्पेसरवर, ती कशाची?

लेथवाले_काका

शाब्बास. आता ऐक.

६०.१ आणि ५४.१ म्हणजे सगळीकडून ३ मिमी मोकळी जागा. हबच्या नाकाचं काम चाकाला मध्यावर आणायचं. तुझा स्पेसर नाकावर बसतच नाही, फक्त स्टडच्या भरवशावर मध्य शोधतो. अर्धा मिमी इकडंतिकडं बसला तरी ऐंशी-नव्वदला स्टीअरिंग थरथरणार. मग तू बॅलन्सिंगला जाणार, तो शिसं मारून देणार, पुन्हा थरथर, पुन्हा बॅलन्सिंग. मशीनवर चाक बरोबरच दाखवतं, कारण मशीनवर तुझा स्पेसर नसतो. असं तीन-तीनदा पैसे भरून आलेले लोक मी बघितलेत.

टाचणीएवढी भोकं म्हणजे माल ओतीव आहे, ओतताना राहिलेले हवेचे बुडबुडे. चांगला स्पेसर घडीव ॲल्युमिनियमचा असतो, ६०६१ किंवा ७०७५ ग्रेडचा, मशीनवर कोरलेला. ओतीव माल कढईला ठीक.

आणि सगळ्यात वाईट तिसरं माप. स्टड २८ मिमी, स्पेसर २० मिमी. म्हणजे कंपनीचे चार स्टड स्पेसरच्या तोंडातून ८ मिमी बाहेर डोकावणार. अलॉय रिमच्या मागं बहुतेकदा खळगे असतात, तिथं ही टोकं सामावतात. तुझ्या लोखंडी रिमला खळगे नाहीत. म्हणजे रिम स्पेसरवर बसणारच नाही, त्या चार टोकांवर बसेल. नट आवळशील, पाना "टक" म्हणेल, सगळं घट्ट वाटेल. पण तो दाब चार टोकांवर, तोंडावर नाही. विजापूर रोडवर पाच-सात किलोमीटरमध्ये टोकं पत्र्यात घुसतील आणि दाब शून्य.

मग कुणीतरी सांगेल, स्टड कापून टाक. कापले की स्पेसरशिवाय चाक बसवता येत नाही. स्टेपनीसुद्धा स्पेसरवरच चढवावी लागते. रात्री टेंभुर्णीला हे आठवू नये.

उसाची_ट्रॉली

शेंगा संपल्या. काका, तुमचं शेड कुठं आहे नेमकं?

मेकॅनिकल_मास्तर

सुरक्षिततेवर काकांनी बोलून ठेवलं आहे, मी धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न घेतो. वळणावर गाडी धरून चालते का?

थोडी चालते. किती, ते बघू. स्विफ्टची दोन चाकांमधली रुंदी साधारण दीड मीटर. दोन्हीकडं २० मिमी म्हणजे १५०० चे १५४०. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो, आणि तो या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो. १५०० भागिले १५४० म्हणजे ०.९७४. भार सरकणं अडीच टक्क्यांच्या आसपास कमी झालं. टपावर बांधलेली एक बॅग याच्या उलट दिशेनं यापेक्षा जास्त फरक करत असेल. आणि हा हिशेबही चारही चाकांना स्पेसर असतील तर. फक्त मागं टाकले तर मागची बाजू जास्त धरते आणि गाडी वळणात पुढं सरळ जाऊ बघते. फक्त पुढं टाकले तर उलट, घाबरून ब्रेक मारला की शेपूट फिरू शकतं.

त्या अडीच टक्क्यांची किंमत बघा. स्टीअरिंग ज्या अक्षाभोवती फिरतं तो अक्ष जमिनीला जिथं टेकतो आणि टायरचा मध्य जिथं टेकतो, त्यातलं अंतर इंजिनिअरनं मोजून ठेवलेलं असतं. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत ते मुद्दाम लहान, कित्येकदा किंचित उलट बाजूला ठेवतात. कारण ब्रेकचे दोन सर्किट तिरके जोडलेले असतात, पुढचं डावं आणि मागचं उजवं असे. एक सर्किट गेलं तरी गाडी एका बाजूला ओढली जाऊ नये म्हणून हे अंतर तसं ठेवतात. २० मिमीचा स्पेसर ते गणित सरळ पुसून टाकतो. ब्रेक नीट असतानाही जाणवतं. उसाच्या ट्रॉल्यांनी आणि ट्रकांनी डांबरात पाडलेल्या चाकोऱ्या असतात ना, त्यात चाक शिरलं की स्टीअरिंग हातातून ओढतं.

सस्पेन्शनही बदलतं. चाक बाहेर सरकलं की स्प्रिंगवर चालणारी तरफ लांब होते, तीच स्प्रिंग मऊ लागते. एकटे असताना कळणार नाही. पाच माणसं आणि डिकीत चादरींचं गाठोडं घेऊन खड्ड्यात गेलात की टायर फेंडरच्या आतल्या कडेला घासेल.

बेअरिंग. चार माणसांसह एका चाकावर साधारण ३०० किलो धरा. २० मिमी बाहेर म्हणजे बेअरिंगला जवळपास ५९ न्यूटन-मीटरचा कायमचा जास्तीचा पीळ. खड्ड्यात तो कित्येक पट होतो. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं. बेअरिंगवरचा भार १५ टक्के वाढला तर आयुष्य दोन तृतीयांश उरतं. लगेच मरत नाही, लवकर म्हातारं होतं. गुणगुणायला लागलं आणि डावीकडं वळताना आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग, कारण भार तिकडं जातो.

मात्र इथं प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. हे सगळं बाहेर काढलेल्या चाकाचे परिणाम आहेत, स्पेसरचेच असे नाहीत. कमी ऑफसेटचं (रिमचा मध्य आणि तिचं हबवर टेकणारं तोंड यांतलं अंतर कमी असलेलं) अलॉय लावलं तरी भूमिती तेवढीच बदलते. स्पेसरचा स्वतःचा वेगळा प्रश्न तो जास्तीचा सांधा, जो काकांनी सांगितला.

होटगी_रोड_आय२०

म्हणजे मास्तर, अलॉय लावणाऱ्यांना कोणी बोलत नाही, आम्हालाच बोलतात. हेच म्हणत होतो मी.

मेकॅनिकल_मास्तर

भूमितीबद्दल तुमचं बरोबर आहे. सांध्याबद्दल नाही.

कोर्टाच्या_पायऱ्या

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्यानं मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हे पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागं पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

कलम ५२ मध्ये स्पेसर हा शब्द नाही, त्यामुळे वाद घालायला जागा आहे. वाद घालायला मलाही आवडतं, त्यावरच घर चालतं. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर चाक उतरवून फोटो काढतो तेव्हा ही जागा फार अरुंद होते. कंपनीला न कळवता केलेला बदल, आणि तोही नेमका निघालेल्या चाकाचा.

पुण्यात_अडकलेला

अवांतर: टायर फेंडरच्या बाहेर आला की पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल थेट दारांवर आणि आरशापर्यंत. शेतात जाणारा माणूस असेल तर आठवड्यातून तीनदा गाडी धुवायची तयारी ठेव. मागच्या बाइकवाल्याला खडे बसतात ते वेगळं.

माझी पोलो आहे. तिला स्टड नसतात, बोल्ट असतात, म्हणून स्पेसरच्या जाडीइतके लांब बोल्ट घ्यावे लागतात. एकानं जास्त लांब दिले होते, ते हबच्या मागं आत टेकत होते. चाक हातानं फिरवून बघितलं म्हणून कळलं.

सात_रस्ता_स्विफ्ट

वाचून झोप उडाली. स्पेसर परत पाठवतो, घेतले तर घेतले. पण गाडी तशीच राहणार का मग? चाकं बाहेर आणायचा दुसरा काही मार्ग?

मेकॅनिकल_मास्तर

आहे, आणि तुला हवं तेवढंच बाहेर येतं. रिमच्या मागं रुंदी आणि ऑफसेट बऱ्याचदा कोरलेला असतो, तो आधी बघ. समजा तुझी रिम ५ इंच रुंद, ऑफसेट ४५. बाजारात ४ भोकं, १०० पीसीडी (भोकांच्या वर्तुळाचा व्यास, मिमीत), १५ इंची, ६ इंच रुंद, ऑफसेट ३८ ची अलॉय मिळतात. रुंदी एक इंच वाढली, त्यातली अर्धी बाहेर, म्हणजे १२.७ मिमी. ऑफसेट ७ नं कमी, तेही बाहेर. एकूण १९.७ मिमी. तुझा २० मिमीचा स्पेसर आणि ही रिम यांत बाहेरून दिसायला सुतळीएवढा फरक! आत मात्र ती फक्त पावणेसहा मिमी सरकते. टायरचा मध्य २० नव्हे तर ७ मिमीच बाहेर गेला, म्हणजे बेअरिंग आणि स्टीअरिंगचं मी वर जे रडगाणं गायलं त्याचा एक तृतीयांशच उरला. आणि सांधा एकच.

१८५/६५ आर१५ टायर घे, स्विफ्टच्याच वरच्या झेडएक्सआय मॉडेलला तोच येतो, स्पीडोमीटरची काळजी नाही. त्या टायरला ६ इंची रिम चालते.

लेथवाले_काका

मास्तरांचं बरोबर, फक्त दोन गोष्टी. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक पुष्कळदा ७३.१ असतं, म्हणजे तुझ्या हबवर पुन्हा लोंबकळणार. ७३.१ बाहेर आणि ५४.१ आत अशी रिंग मिळते, ती विसरू नकोस. नाही मिळाली तर मी कातून देतो. आणि नट अलॉयसोबतचेच, त्या रिमच्या कोनाचे. जुने लोखंडी रिमचे नट अलॉयला वापरू नकोस.

टायरवाल्याला एअर गननं शेवटचं आवळू द्यायचं नाही. गननं टेकव, बाकी टॉर्क रेंचनं (ठरवलेल्या जोरावर आवळणाऱ्या पान्यानं), समोरासमोरचे नट, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. आट्यांना तेल लावू द्यायचं नाही, इथं ती लई वाईट सवय आहे. तेल लागलं की त्याच टॉर्कला स्टड तिसऱ्या हिश्श्यानं जास्त ताणला जातो. हबचं तोंड तारेच्या ब्रशनं घासून गंज काढ. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की गार चाकावर पुन्हा एकदा आवळ.

आणि होटगी रोडवाल्या, तुझ्याकडं एक काम आहे. ८ मिमीचा साधा स्पेसर आणि लांब स्टड म्हणालास. नट तुझे टोपीवाले आहेत की आरपार?

होटगी_रोड_आय२०

टोपीवाले, क्रोमचे. का?

लेथवाले_काका

टोपीत स्टड दिसत नाही म्हणून. साध्या स्पेसरमध्ये जाडी जेवढी, तेवढे आटे नटाच्या पोटातून थेट वजा होतात. तुझा स्टड १२ मिमीचा, आट्यांची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) दीड मिमी. नटात निदान स्टडच्या जाडीइतकी लांबी बसायला हवी, म्हणजे आठ फेरे. नट हातानं सोडवताना मोज, पाना सुटल्यापासून हातात येईपर्यंत किती फेरे फिरतो. एकदा स्पेसरसह, एकदा स्पेसर काढून. एका चाकाचं पुरे.

होटगी_रोड_आय२०

काका, दोन वर्षं चालली की गाडी. ठीक आहे, रविवारी बघतो.

सात_रस्ता_स्विफ्ट

अपडेट. रिमच्या मागं ऑफसेट ४५ च निघाला. अलॉय बघून आलोय, ३८ ऑफसेट, भोक ७३.१, अगदी काकांनी सांगितलं तेच. स्पेसर विकणारा परत घ्यायला तयार नाही, फक्त अर्धे पैसे देतो म्हणलालाय. वडिलांना हिशेब सांगितला तर म्हणाले, मी फुकट सांगत होतो.

उसाची_ट्रॉली

वडील +१

होटगी_रोड_आय२०

काका, मोजलं. स्पेसरशिवाय साडेनऊ फेरे. स्पेसरसह चार आणि थोडं. दोनदा मोजलं, मग दुसऱ्या चाकाचंही मोजलं, तेच.

म्हणजे स्टड कंपनीचेच आहेत ना? लांब स्टडचे पैसे घेतले होते त्यानं माझ्याकडून. बिलावर लिहिलंय.

लेथवाले_काका

हो, कंपनीचेच. लांब स्टड असते तर स्पेसरशिवाय निदान चौदा-पंधरा निघाले असते, नाहीतर नट टोपीच्या टोकाला टेकून अडला असता. गाडी आत्ता कुठं आहे?

होटगी_रोड_आय२०

घराखाली. चारही स्पेसर काढलेत, चाकं तशीच बसवलीत. उद्या पुण्याला जायचं होतं.

लेथवाले_काका

उद्या बसनं जा. दोन वर्षं चार आट्यांवर चाललेला स्टड आतून कसा आहे ते बाहेरून दिसत नाही. सोळाही बदलायचे. मंगळवारी सकाळी शेडवर ये, सावकाश चालवत, आय२० चं मॅन्युअल घेऊन. त्यात ११ ते १३ किलोग्रॅम-बल मीटर असेल, बघून ये. आणि नट चार पिशव्यांत आण, कुठला कुठल्या चाकाचा ते वर लिहून. मला त्यांचे आटे बघायचेत.

होटगी_रोड_आय२०

आणतो. किती वाजता उघडता?

लेथवाले_काका

नऊला.